कोळी, मक्कडा आणि कुमो



जपानी भाषेत कोळ्याला 'कुमो' म्हणतात. ढगालाही 'कुमो'च म्हणतात. लिहिताना दोन्ही वेगळे, पण कानाला सारखेच. मग एखाद्या बाईने वर बोट दाखवून नुसतं 'कुमो' म्हटलं, तर ऐकणारीने वाळवणं आत घ्यायची की जाळं काढायचा बांबू आणायचा? यावर त्या भाषेने जो तोडगा काढलाय तो ऐकला आणि मला पाठशाळेतलं नवतत्त्वाचं पहिलं पान आठवलं. जीव आणि अजीव. तेव्हापासून यावर तुमच्यासाठी लिहायचं मनात होतं.

आमच्या चंद्रपूरच्या घरात जपानी कुठून आलं, ते आधी सांगते. माझी नात पुण्यात जपानी शिकते. पुण्यात ही भाषा शिकणारी मुलंमुली पुष्कळ आहेत आणि जेएलपीटी नावाची जी परीक्षा असते तिचं केंद्रही तिथे आहे. पाच पायऱ्या असतात, सगळ्यात सोपी एन-५ आणि सगळ्यात अवघड एन-१. नातीच्या दोन पायऱ्या झाल्या आहेत आणि पुढेमागे तिकडे नोकरीला जायचं तिच्या मनात आहे. जपान म्हटलं की आपल्याला पहिली काळजी खाण्याची. ती मलाही आहे, कारण तिकडच्या साध्या सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. कोबे शहरात आपलं महावीरस्वामींचं मंदिर १९८५ पासून आहे, मोत्यांच्या व्यापारानिमित्त गेलेली आपली घरं तिथे आहेत, एवढा धीर आहे.

माझी दुसरी काळजी होती कोळ्याची. हसू नका. घरात निघालेला कोळी, मुंगी, झुरळ मारायचं नाही, अलगद उचलून बाहेर सोडायचं, हे तिने पाय फुटल्यापासून पाहिलंय. पण परदेशात ती कोणाबरोबर तरी खोली वाटून राहील. भिंतीवर कोळी दिसला आणि खोलीतल्या मैत्रिणीने चप्पल उचलली, तर ही काय बोलणार? हात धरून एकदा थांबवता येईल. रोज थांबवायचं तर सांगावं लागतं, आणि ज्या भाषेत समोरची लहानपणी आईची बोलणी खात वाढली, त्याच भाषेत सांगितलेलं आत पोचतं. म्हणून मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा मी म्हटलं, "बेटा, बाकी सगळं राहू दे. कोळी कसा वाचवायचा, तेवढं मला जपानीत सांग."

"दादी, तू माझी परीक्षा घेतेस का?"

"हो."

तिने माझ्या किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या. कुमो गा इरु. कुमो गा आरु. 'गा' हा कर्त्याला लागणारा प्रत्यय. 'इरु' म्हणजे आहे आणि 'आरु' म्हणजेही आहे. पण माणूस, गाय, मासा, मुंगी, कोळी यांच्यासाठी 'इरु' आणि टेबल, पुस्तक, डोंगर, ढग यांच्यासाठी 'आरु'. म्हणजे पहिल्या ओळीचा अर्थ कोळी आहे, दुसरीचा ढग आहे. नाम तेच, क्रियापदाने घोळ मिटवला. मानाने बोलायचं असेल तर 'इमासु' आणि 'आरिमासु' म्हणायचं, एवढाच फरक.

आपल्या मराठीत देव आहे, दगड आहे, कोळी आहे, जाळं आहे. सगळ्यांना एकच 'आहे'. हिंदी-मारवाडीतही तसंच. मी बी.कॉम. करत होते तेव्हा हिशेबाच्या तासाला पहिला धडा हाच होता की नोंद लिहिण्याआधी खातं ओळखा. व्यक्तीचं आहे, मालमत्तेचं आहे की खर्च-उत्पन्नाचं. खातं ओळखल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. जपानी बाईला प्रत्येक 'आहे'पाशी हेच करावं लागतं. समोर जे आहे ते कोणत्या खात्यातलं, हे ठरवल्याशिवाय तिचं वाक्य पुरंच होत नाही.

नातीने पुढचं उदाहरण दिलं ते ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले. समुद्रात पोहणारा मासा 'इरु'. तोच मासा बाजारात बर्फावर मांडला की 'आरु'. जीव गेला, क्रियापद बदललं.

आता तुम्ही म्हणाल, मग झाड? मीही लगेच तेच विचारलं. झाड 'आरु'. पाणी 'आरु', दिव्याची ज्योत 'आरु', अंडंसुद्धा 'आरु'. इथे आमचं दोघींचं बराच वेळ चाललं. आपल्याकडे पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे पाचही एकेंद्रिय जीव. ढग म्हणजे तर अप्कायच. नात म्हणाली, "मग दादी, आपल्या हिशेबाने दोन्ही कुमोंना इरुच लागेल!" बरोबर आहे तिचं. पण मग मला वाटलं, त्यांची रेघ जीव-अजीवाच्या मधून जातच नाही. ती त्रस आणि स्थावर यांच्या मधून जाते. जे स्वतःहून हलतं ते इरु, बाकीचं आरु. आणि मैत्रिणींनो, आपल्या श्राविकांच्या पहिल्या अणुव्रताची रेघ नेमकी तिथेच आहे ना? साधू-साध्वींना स्थावरांचीही हिंसा टाळायची असते. आपण चूल पेटवतो, भाजी चिरतो, पाणी तापवतो, त्यामुळे आपल्याला ते पूर्ण जमणारं नाही हे शास्त्रकारांना ठाऊक होतं. आपल्यासाठी आधी त्रस जीव, जाणूनबुजून मारायचे नाहीत. स्थावरांची मर्यादा ठेवायची, जयणा पाळायची. एखाद्या भाषेने शास्त्र न वाचता ती रेघ रोजच्या बोलण्यात ओढून ठेवलीय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

कोळी आपल्या शास्त्राप्रमाणे चउरिंद्रिय. विंचू, माशी, डास, टोळ, भुंगा यांच्या पंक्तीतला. स्पर्श, चव, वास आणि दृष्टी आहे, कान नाहीत. आणि हा काही आपल्याला आत्ता भेटलेला नाही. सामायिकाआधी आपण जे इरियावहिया सूत्र म्हणतो, त्यात दव, शेवाळ, चिखल यांच्या रांगेत एक शब्द येतो, 'मक्कडा'. तो कोळी. त्याच्या पुढचा शब्द घेऊन अर्थ होतो कोळ्याचं जाळं. येता-जाता ते माझ्याकडून तुडवलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं, असं आपण दिवसातून एकदा-दोनदा तरी म्हणतो. विचार करा, अडीच हजार वर्षांची परंपरा आणि रोजच्या माफीच्या यादीत कोळिष्टक नाव घेऊन घातलेलं!

हा मक्कडा शब्दही कुमोसारखाच दुहेरी आहे. संस्कृतात मर्कट म्हणजे वानर आणि मर्कटक म्हणजे कोळी. प्राकृतात दोन्ही मक्कड झाले. एकाचं हिंदीत मकडी झालं, दुसऱ्याचं मराठीत माकड. पाठशाळेत मुलं हा शब्द आला की खुदखुदतात, कारण त्यांना शेपटीवालं माकड दिसतं. आणि मराठीतला 'कोळी' तरी कुठे एकटा आहे? मासे धरणाराही कोळी आणि भिंतीवरचाही कोळी. त्यातही 'कोळी जाळं विणतो' म्हटलं तर दोघांनाही लागू पडतं, कारण दोघंही जाळंच विणतात आणि दोघंही त्यात काय सापडतं त्याची वाट बघतात. आपल्याकडे संदर्भ पाहून अर्थ घ्यावा लागतो.

जाळ्याचं म्हटलं म्हणून. मला या सगळ्यात सर्वात उपयोगी शब्द मिळाला तो 'सु'. जपानीत कोळ्याच्या जाळ्याला रोजच्या बोलण्यात 'कुमो नो सु' म्हणतात. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'सु' म्हणजे घरटं. पाखराच्या घरट्यालाही सु, मधमाशीच्या पोळ्यालाही सु. मासे धरायच्या जाळ्याला वेगळा शब्द आहे, 'आमि'. आपण जाळं म्हणतो तेव्हा मनात सापळा येतो, फसवणूक येते, संसाराचं जाळं येतं. ते घरटं म्हणतात. ही एक गोष्ट कानावर पडल्यापासून माझा बांबू जरा हळू चालतो.

चंद्रपुरात राहणाऱ्या बायकांना सांगायला नको, आपल्याकडे जाळी किती लागतात आणि कशी दिसतात. एकीकडे जंगल, दुसरीकडे कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्र. पावसाळा संपता संपता कोपऱ्या-कोपऱ्यात जाळी धरतात आणि महिन्याभरात त्यावर काळी धूळ बसून त्यांच्या लोंब्या होतात. जुन्या कवेलूच्या घरात तर विचारूच नका. पाहुणे यायच्या आधी कोणाला वाटत नाही की एकदा सगळं झटकून टाकावं? माझ्या सासूबाईंचा नियम होता, चातुर्मासाआधी जेठातच घर इतकं स्वच्छ करायचं की पावसात बांबू हातात घ्यायची पाळी कमी यावी. कारण पावसात प्रत्येक जाळ्यात कोणीतरी असतं. मी अजून तसंच करते. आणि दिवाळीत काढायची झालीच तर आधी बघायचं.

हे 'आधी बघायचं' आता आमच्या घरात जपानीत होतं. नातीने मला वाक्य करून दिलं, 'कुमो नो सु गा आरु, कुमो वा इनाइ.' कोळ्याचं घरटं आहे, कोळी नाही. 'इनाइ' हे 'इरु'चं नकारार्थी. पहिल्या अर्ध्यात आरु आलं, दुसऱ्यात इरुचं कुटुंब आलं, कारण घरटं अजीव आणि राहणारा जीव. हे वाक्य खरं असेल तरच पुंजणी लावायची. कोळी असेल, तर रुंद तोंडाचा पेला त्याच्यावर पालथा घालायचा, खालून पोस्टकार्डासारखा जाड कागद सरकवायचा आणि अंगणातल्या जास्वंदीत नेऊन सोडायचा. उन्हात सोडायचा नाही, सावलीत. आणि जाळ्याच्या कडेला पांढरी-पिवळसर कापसाची गोळी दिसली तर ती अंड्यांची पिशवी. ती असेल तर जाळं तसंच राहू द्यायचं, चार लोकं काय म्हणायचं ते म्हणोत. व्याकरणात अंडी 'आरु' असली तरी आपल्या घरात ती 'इरु'. इथे जपानी भाषेचं मी ऐकत नाही.

त्या पिशवीतून पिल्लं निघताना पाहिली आहेत कोणी? धक्का लागला की शेकडो ठिपके चहूबाजूंनी पळतात. जपानीत त्यावरून वाक्प्रचार आहे, कोळ्याची पिल्लं पांगावीत तसे पळाले. मास्तर आल्यावर पोरं पळतात तेव्हा वापरायचा. नात म्हणते, परीक्षेच्या पहिल्या पायऱ्यांना हे येत नाही, पण मला ते पाठ झालं आहे आणि सोसायटीत पाण्याचा टँकर आला की आम्ही उलट्या अर्थाने वापरतो.

मोजायची पद्धतही वेगळीच. एक कोळी, दोन कोळी असं सरळ मोजता येत नाही. लहान प्राण्यांसाठी 'हिकी' हा मापाचा शब्द लावायचा आणि तोही आकड्याप्रमाणे रूप बदलतो. इप्पिकी, निहिकी, सान्बिकी. एक, दोन, तीन. आपण माणसांना तीन जण म्हणतो आणि खुर्च्यांना नुसतं तीन, तसंच काहीसं. मोठ्या जनावरांना, गाय-हत्तीला, वेगळा शब्द आहे. चित्रलिपी मी शिकले नाही, डोळे पुरत नाहीत. पण तिने कोळ्याची अक्षरं काढून दाखवली. दोन अक्षरं, आणि दोन्हींच्या डाव्या अंगाला किड्याची खूण. ढगाचं एकच अक्षर, त्याच्या डोक्यावर पावसाची खूण. म्हणजे कागदावर घोळ नाहीच.

आता एक गंमत. 'कुमो' दुसऱ्या शब्दाला जोडला की 'गुमो' होतो. जोरो अधिक कुमो, जोरोगुमो. हे मला अवघड का वाटेल? दिक् अधिक अंबर, दिगंबर! आपल्या समाजातल्या अर्ध्या लोकांच्या नावातच क चा ग झालेला आहे. फक्त आपल्याकडे आधीच्या शब्दाच्या शेवटी होतो, त्यांच्याकडे नंतरच्या शब्दाच्या सुरुवातीला.

आणि हा जोरोगुमो म्हणजे कोण? पाऊस ओसरल्यावर ताडोब्याकडे गेलात, तर दोन झाडांच्या मधे वीत-हात सोडा, माणूस हात पसरून उभा राहील एवढं जाळं दिसतं. उन्हात त्याचे धागे सोन्यासारखे पिवळे चमकतात. मधोमध काळी-पिवळी, लांब पायांची मादी, आणि तिच्याशेजारी तिच्यापुढे अगदी ठिपक्याएवढा नर. गाईड त्याला जायंट वुड स्पायडर म्हणतात. गडचिरोलीच्या जंगलातून जाणाऱ्यांनाही तो चांगला ओळखीचा. जपानचा जोरोगुमो या आपल्या कोळ्याचा जवळचा नातलग, शरद ऋतूत तिकडच्या बागांतून सगळीकडे दिसतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, जपानच्या अगदी दक्षिणेला ओकिनावाची बेटं आहेत, तिथे तर आपलाच कोळी आहे. तीच जात. त्याला ते 'ओओ-जोरोगुमो' म्हणतात, म्हणजे मोठा जोरोगुमो, आणि जपानमधला तो सर्वात मोठा कोळी मानतात. नातीला मी म्हटलं, तू तिकडे गेलीस की ओळखीचं कोणीतरी आधीच तिथे पोचलेलं असेल.

शब्द शिकला की त्याच्या मागून त्या लोकांच्या समजुती येतात. जपानात म्हणतात, सकाळी दिसलेला कोळी शुभ, त्याला मारू नये. रात्री दिसलेला अशुभ, तो आईवडिलांसारखा दिसला तरी मारावा. काही भागांत हे उलटं आहे म्हणे. आपल्याकडे सूर्यास्तानंतर उलट जास्त जपायचं असतं, चौविहारामागचं एक कारणच ते, अंधारात बारीक जीव दिसत नाहीत. तेव्हा सकाळच्या कोळ्याला मिळणारी सवलत रात्रीच्याला का नाही, हे मला पटलेलं नाही.

दक्षिणेकडे कागोशिमा प्रांतात काजिकी नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी जूनमध्ये कोळ्यांच्या झुंजी लावतात, एका काडीवर दोन माद्या समोरासमोर. चारशे वर्षांपूर्वी तिथल्या एका सरदाराने लढाईवर गेलेल्या सैनिकांचा हुरूप वाढवायला हे सुरू केलं असं सांगतात. लोक आठवडेच्या आठवडे त्या कोळ्यांना घरात लाडाने वाढवतात. नातीला ते सुंदर वाटलं, लाडाने वाढवतात म्हणून. मला आपल्याकडचे कोंबडबाजार आठवले. तिथेही कोंबड्याला पोराबाळासारखं खाऊ घालतात आणि मग पायाला काती बांधतात. लाड आणि दया यांत फरक आहे, हे तिला सांगायला मला जपानी लागलं नाही.

उलट त्याच देशात एक गोष्ट आहे जी तिथल्या मुलांना शाळेत ठाऊक होते. र्‍यूनोसुके आकुतागावा नावाच्या लेखकाने १९१८ साली मुलांच्या मासिकासाठी लिहिली, नाव 'कुमो नो इतो', कोळ्याचा धागा. कान्दाता नावाचा खुनी दरोडेखोर नरकात पडलेला असतो. आयुष्यात त्याने एकच बरी गोष्ट केलेली असते. रानातून जाताना पायाखाली कोळी आला, चिरडायला पाय उचलला, आणि एवढासा असला तरी यालाही जीव आहे असं मनात येऊन त्याने पाय मागे घेतला. तेवढ्यावर बुद्ध स्वर्गातून कोळ्याचा एक रुपेरी धागा त्याच्यासाठी खाली सोडतात. तो धरून चढू लागतो. खाली बघतो तर बाकीचे पापीही मागून चढताहेत. हा ओरडतो, धागा माझा आहे, उतरा. आणि धागा त्याच्या हाताजवळच तुटतो.

या गोष्टीचं मूळ आणखी मजेशीर आहे. पॉल कारुस या अमेरिकेत राहणाऱ्या जर्मन लेखकाने १८९४ मध्ये 'कर्म' नावाची कथा लिहिली, काशीला निघालेल्या एका जवाहिऱ्याची. त्यात ही कान्दाताची गोष्ट होती. ती रशियात टॉलस्टॉयने भाषांतरित केली आणि जपानीतही गेली. म्हणजे आपला 'कर्म' शब्द अमेरिका फिरून जपानच्या मुलांच्या मासिकात पोचला, बरोबर कोळी घेऊन. तसा विदर्भाला जपान फार परका नाही. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार जपानी मदतीने १९९९ मध्ये उभं राहिलं, आपल्यातल्या किती जणी नातवंडांना घेऊन तिथे गेल्या असतील.

गोष्ट मी आमच्या पाठशाळेत सांगितली. एक मुलगा म्हणाला, दादी, आपले भगवान धागा सोडत नाहीत. अगदी खरं. आपले तीर्थंकर वाट दाखवतात, ओढून वर घेत नाहीत. कर्म ज्याने बांधलं त्यानेच खपवायचं. म्हणून मी सांगताना धाग्यापाशी फार रेंगाळत नाही. उचललेला पाय मागे घेतला, तिथे थांबते आणि मुलांना विचारते, त्या एका क्षणात त्याने काय केलं? गेल्या वेळी एका चिमुरडीने सांगितलं, "बघितलं."

'इतो' म्हणजे धागा हा शब्द आला तेव्हा आणखी एक विषय निघाला, रेशमाचा. आरमोरीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवतात, आणि धागा काढायला कोष उकळतात, आतल्या जीवासकट. आपल्यातल्या बऱ्याच जणी त्यासाठीच रेशीम टाळतात. कोळी स्वतःच धागा काढून देतो, स्वतःच घर बांधतो आणि फाटलं तर पुन्हा विणतो. हे नुसतं जाता जाता.

तर ज्यांची मुलं-सुना जपानला आहेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी नातीकडून चार वाक्यं पक्की करून घेतली आहेत. एका कार्डावर लिहून तिच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवली, तुम्हीही लिहून घ्या. पहिलं, 'कुमो गा इमासु', कोळी आहे. इमासुच म्हणायचं, आरिमासु म्हटलं तर समोरचा आभाळाकडे बघेल. दुसरं, 'कोरोसानाइदे कुदासाइ', कृपा करून मारू नका. तिसरं, 'वाताशि गा निगाशिमासु', मी सोडते, म्हणजे समोरच्याला हात लावायची भीती वाटत असेल तर काम आपण घ्यायचं.

चौथं जरा लांब आहे, 'सोतो नि निगाशिते आगेते कुदासाइ'. 'सोतो नि' म्हणजे बाहेर. 'निगाशिते' म्हणजे सोडून. 'आगेते' म्हणजे दे. बाहेर सोडून द्या. मी म्हटलं, हे तर मराठीच झालं की, सोडून देणे! नात म्हणाली, "तसंच, पण दादी, आपल्याकडे त्या 'दे'चा अर्थ आता कोणाच्या लक्षात येत नाही. जपानीत तो जिवंत आहे. आगेते म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की हे कोळ्याच्या भल्यासाठी, त्याला काहीतरी देतोय." काय देतोय, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं अभयदान, आणि तिने तो शब्द वहीत 'आगेते'च्या समोर लिहून घेतला.

जय जिनेंद्र.